गॅरेजमधून परतलेली चेतक पुन्हा का बंद पडते?

स्कूटर गॅरेजात गेली तेव्हा चालत गेली. धूर सोडत गेली, चढावर दम खात गेली, पण कुणाला ढकलावी लागली नाही. काही महिन्यांनी परत आली तेव्हा रंग नवा, सीट नवी, हँडलच्या मुठी नव्या, आणि पहिल्याच लांबच्या फेरीत इंजिन जाम! जुन्या गाड्या जपणाऱ्या घरांत ही तक्रार इतकी ओळखीची आहे की "चालत्या गाडीला हात लावू नये" हा सल्ला सर्रास दिला जातो. पण पैसे खर्चून, नवे भाग टाकून बांधलेलं इंजिन आधीपेक्षा लवकर का मरावं? गाडीचं वय झालं, असं म्हणून हा प्रश्न सोडून देतात. खरं तर त्याचं उत्तर मोजपट्टीवर दाखवता येतं.

आमच्या घरची बजाज चेतक एमएच ३६ पासिंगची आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला आणि त्याला एमएच ३५ मिळाला. त्याआधीच्या इथल्या अनेक गाड्यांवर भंडाऱ्याचाच नंबर दिसतो. वडिलांनी ती नोकरीभर चालवली. गोंदियातल्या एका गॅरेजात आम्ही ती 'फुल इंजिन' आणि रंगकामासाठी टाकली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, धान कापून मळून झालं, तरी "क्रँक नागपूरले गेला हाय" हेच उत्तर. अखेर ताब्यात आली तेव्हा देखणी होती. उन्हाळ्यात, गोरेगावच्या रस्त्यावर, सपाट डांबरावर धावताना इंजिनातून बारीक किरकिर आली आणि मागचं चाक जागीच आवळलं. क्लच वेळेत दाबला गेला म्हणून गाडी सरळ राहिली. दुसऱ्या मिस्त्रीने इंजिन उतरवून खोललं, बोटाने एक काळी रबरी कडी दाबून पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, पिस्टन तं नवा टाकला, पण सील जुनेच ठेवले न यानं!"

घात नेमका तिथेच झाला होता. नवा पिस्टन आणि जुनं सील एकत्र आल्यावर काय होतं ते समजायला आधी या इंजिनात पेट्रोल कुठून कुठे जातं ते पाहू.

पेट्रोलाचा रस्ता

आजच्या मोटरसायकली फोर-स्ट्रोक असतात. त्यांच्या इंजिनाच्या तळाशी तेलाचा साठा असतो आणि पंप ते तेल सगळीकडे फिरवतो. चेतकचं जुनं इंजिन टू-स्ट्रोक आहे. तिच्या गिअरबॉक्सला वेगळं ऑइल असतं, पण पिस्टन आणि क्रँकसाठी तेलाचा साठाच नाही. (क्रँक म्हणजे पिस्टनची वरखाली चाल गोल फिरवणारा दांडा.) त्यांना तेल मिळतं ते पेट्रोलात मिसळलेल्या टू-टी ऑइलमधून, लिटरला साधारण २० मिलिलिटर, म्हणजे दोन टक्के.

हे तेलमिश्रित पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये हवेशी मिसळतं, पण थेट पिस्टनच्या डोक्यावर जात नाही. पिस्टन वर सरकला की त्याच्या खालच्या बंद पेटीत, जिथे क्रँक फिरतो तिथे, पोकळी होते आणि मिश्रण तिथे ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जातं आणि सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांमधून पिस्टनच्या वर पोहोचतं. तिथे दाबलं जातं, ठिणगी पडते, स्फोट होतो. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. मिनिटाला ५,००० फेरे धरले तर सेकंदाला ८३ वेळा हा खेळ होतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, तेल फक्त पेट्रोलासोबत येतं. पेट्रोल कमी आलं की तेलही कमी. दुसरी, क्रँकची पेटी हवाबंद असायलाच हवी. त्या पेटीतून क्रँकची दोन टोकं बाहेर येतात, एक ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या मॅग्नेटकडे आणि दुसरं क्लचकडे. फिरणाऱ्या दांड्याभोवतीची फट बुजवायला दोन्हीकडे रबराची कडी बसवलेली असते. तिला ऑइल सील म्हणतात. तिची आतली पातळ ओठासारखी कड, बारीक स्प्रिंगच्या जोरावर, दांड्याला घट्ट चिकटून राहते.

रबर वयाने कडक होतं. क्लचकडचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि जळून पांढुरका धूर निघतो. हा बिघाड निदान डोळ्यांना दिसतो. मॅग्नेटकडचं सील गेलं तर पिस्टन वर जाताना तिथून कोरडी हवा आत शिरते. तिच्यात पेट्रोल नाही आणि तेलही नाही. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी झालं, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ते लीन झालं, की सिलिंडर जास्त तापतो. तेल सगळ्यात जास्त लागतं त्याच वेळी ते कमी पडतं. बाहेरून एवढंच कळतं की ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस पटकन उतरत नाही.

फट किती ठेवायची?

चेतकच्या सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची चालही ५७ मिलिमीटर. व्यासावरून काढलेलं क्षेत्रफळ गुणिले चाल, यातूनच तिचं १४५ सीसी येतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ५७ मिलिमीटरचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर साधारण ०.१३ मिलिमीटरने वाढतो, तेवढाच तापलेला सिलिंडर ०.०६ ने. शिवाय पिस्टन आगीच्या थेट खाली असतो, तर सिलिंडरला पंख्याची हवा मिळते, म्हणून प्रत्यक्षातला फरक याहून मोठा. त्यासाठी गार असताना दोघांमध्ये मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाची फट सोडावी लागते.

गोंदियाच्या राइस मिलमध्ये ज्यांनी धान भरडताना पाहिलं असेल त्यांना ही फट लगेच कळेल. उलट दिशांना, वेगवेगळ्या वेगाने फिरणाऱ्या दोन रबर रोलांमधली जागा जास्त झाली तर धान तुसासकट तसंच खाली पडतं, कमी झाली तर तांदळाची कणी होते. मिलवाला दिवसभर तेवढीच जागा सांभाळत असतो. पिस्टनचंही तसंच. फट जास्त झाली की कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रणावरचा दाब, जातं आणि पिस्टन खडखडतो, कमी झाली की तापल्यावर तो सिलिंडरमध्ये आवळतो. यालाच पिस्टन पकडणं किंवा इंजिन सीझ होणं म्हणतात.

आता कोड्याकडे येऊ. त्याच कडक झालेल्या सीलवर गाडी आधी वर्षानुवर्षं का चालली? कारण सिलिंडर झिजलेला होता. फट वाढली होती, त्यामुळे पिस्टनला फुगायला जागा होती. कॉम्प्रेशन उतरलं होतं, त्यामुळे स्फोटातली ताकद कमी आणि उष्णताही कमी. गाडी पळतच नव्हती, म्हणून चालवणाराही हळू चालवत होता. सीलमधून हवा येतच होती, पण तिचा दोष झिजलेल्या सिलिंडरने पोटात घेतला होता. रीबोअर झाल्यावर, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा पिस्टन बसवल्यावर, फट नव्यासारखी अरुंद झाली, ताकद परतली, उष्णता वाढली, वेग वाढला. हवेची गळती मात्र तशीच राहिली. जुन्या इंजिनातले भाग एकमेकांसोबत झिजत एक तडजोड करून बसलेले असतात. त्यातला एकच भाग नवा केला की ती मोडते. क्रँकच्या जुन्या बेअरिंगचंही असंच होतं. ढिल्या इंजिनात गप्प असलेलं बेअरिंग नव्या कॉम्प्रेशनच्या माराने ठोकायला लागतं.

हाफ इंजिन, फुल इंजिन

गॅरेजवाल्यांच्या बोलण्यात 'हाफ इंजिन' म्हणजे वरचं काम: हेड उघडायचं, रीबोअर, नवा पिस्टन, नव्या रिंगा. 'फुल इंजिन' म्हणजे केसिंगचे, इंजिनाच्या खालच्या पेटीचे, दोन भाग वेगळे करून क्रँक, बेअरिंग आणि सीलपर्यंत पोहोचायचं. हाफ इंजिन काही तासांत होतं; फुल इंजिनाला मजुरी, पुलर, प्रेस मशीन आणि धीर लागतो. इंजिन पुन्हा जुळवून बंद केल्यावर बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. बिल फुलचं आणि काम हाफचं, हा प्रकार तिथेच शक्य होतो. आमच्या बाबतीत हेच झालं. केसिंगच्या जोडावरचं जुनं पॅकिंग अखंड होतं, म्हणजे ती बाजू कुणी उघडलीच नव्हती.

दरवेळी लबाडीच असते असं मात्र मी म्हणणार नाही. मुरलेला मिस्त्रीसुद्धा सील शाबूत वाटलं तर ठेवून देतो, कारण नवं मिळेल ते किती वर्षं कपाटात पडलेलं असेल याची त्यालाही खात्री नसते. बजाजच्या इटलीच्या पियाजिओसोबतच्या स्कूटर-परवान्याची मुदत १९७१ मध्ये संपली, १९७२ मध्ये चेतक आली, आणि पुढची अनेक वर्षं ती मिळवायला नंबर लावून थांबावं लागे. त्या काळात बजाजच्या आकुर्डीतल्या कारखान्याचा सुटा भाग मिळणं अवघड नव्हतं. २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटरचं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. २०१९ मध्ये चेतक हे नाव परतलं ते विजेच्या स्कूटरवर; तिचा एकही भाग जुन्या इंजिनाला लागत नाही. आता बाजारात मिळतो तो उरलेला जुना माल, नाहीतर लोकल. कडक झालेलं 'नवं' सीलसुद्धा खोक्यातून निघतं. म्हणून सील बसवण्याआधी बोटाने दुमडून पाहावं, ओठ मऊ असला पाहिजे.

सीझ झालेला पिस्टन काय सांगतो

इंजिन सीझ झाल्यावर पिस्टन फेकू नका. हातात घेऊन उजेडात फिरवा. ओरखडे चार ठिकाणी, साधारण समान अंतरावर असतील तर फट कमी ठेवली होती किंवा इंजिन गरम व्हायच्या आत जोरात पळवलं. ओरखडे मुख्यतः सायलेन्सरच्या बाजूने असतील तर तिथे उष्णता जास्त झाली. मिश्रण लीन असणं किंवा तेल कमी पडणं ही नेहमीची कारणं. सगळीकडून घासलेला, कोरडा दिसणारा पिस्टन म्हणजे तेल पोहोचलंच नाही. डोक्याला भोक पडलं असेल तर ठिणगीची वेळ फार आधी ठेवली होती किंवा मिश्रण अतिशय लीन होतं. आमच्या पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला रुंद, चमकता पट्टा होता, त्यात ॲल्युमिनियम वितळून रिंग खाचेतच चिकटली होती. ठिणगी पाडणाऱ्या प्लगचं टोक पांढरं पडलं होतं. नीट चालणाऱ्या इंजिनात ते कॉफीच्या रंगाचं असतं.

दुसऱ्या मिस्त्रीने सिलिंडरच्या खिडक्यांच्या कडांवरून नख फिरवून दाखवलं. कडा धारदार होत्या. टू-स्ट्रोकमध्ये रिंग सेकंदाला अनेकदा या खिडक्यांवरून सरकते. कापल्यावर कडांची धार मोडली नाही तर रिंग त्यांच्यात अडकून तुटू शकते. आज बोअरिंगवाल्यांकडे येणारे बहुतेक सिलिंडर फोर-स्ट्रोक मोटरसायकलींचे, त्यांच्या भिंतीत खिडक्याच नसतात. नवशिक्या हाताला ही पायरी माहीतच नसते. माझ्या मते जुन्या गाड्यांचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतंय. भाग शोधून आणता येतो, पण हात शिकवून तयार करायलाच माणसं उरली नाहीत.

पंपावरचं पेट्रोलही बदललं

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल उसापासून, मक्यापासून आणि तांदळाच्या कणीपासूनही बनतं, म्हणजे आपल्या धानपट्ट्याशी त्याचं नातं आहे. ते वाईट इंधन आहे असं नाही, पण चेतकचा कार्ब्युरेटर त्याच्यासाठी बनलेला नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. कार्ब्युरेटरमधलं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, पूर्वीच्याच मापाचं राहिलं तर मिश्रणात हवा साधारण सात-आठ टक्के जास्त होते. इंजिन आधीच लीन. त्यात सीलची गळती आली की दोन्ही एकाच दिशेने ढकलतात. म्हणून रीबोअरनंतर प्लगचा रंग पाहून एक माप मोठं जेट टाकण्याचा विचार करायला हवा. चांगले मिस्त्री हे करतात.

दुसरा धोका पावसाळ्याचा. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. टाकीत पाणी फार झालं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं, तर टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलातच राहतं. महिनोन्‌महिने गॅरेजात उभी राहिलेली गाडी किक मारून सुरू केली की इंजिनात आधी तळाचा थर जातो, आणि त्यात तेल जवळपास नसतं. गाडी ताब्यात घेताना टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरणं ही साधी काळजी पुष्कळ वाचवते.

काम लांबतं कुठे

गॅरेजात पंक्चर, केबल, ऑइल बदलणं अशा कामांसाठी रोज येणारं गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत रोख देऊन जातं. जुन्या गाडीचं काम ॲडव्हान्सवर सुरू होतं, आणि ॲडव्हान्स संपला की ती कोपऱ्यात सरकते. रिकाम्या वेळातच तिला हात लागतो. त्यात ते काम एका माणसाचं नसतं. मिस्त्री इंजिन खोलतो, बोअरिंग आणि क्रँक प्रेस दुसरीकडे, पत्रा आणि रंग तिसरीकडे. जिल्ह्यातल्या दूरच्या सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावहून कुणी गाडी टाकली तर त्याला यातलं काहीच डोळ्यांनी दिसत नाही. मिस्त्री म्हणतो माप बोअरिंगवाल्याने घेतलं, बोअरिंगवाला म्हणतो पिस्टन मिस्त्रीने आणला तोच बसवला. फट किती ठेवली हे कुठेच लिहिलेलं नसतं.

रंगाचीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चेतकला मोटरसायकलसारखा नळ्यांचा सांगाडा नाही. घडवलेला पत्रा हाच तिचा सांगाडा. पायाखालच्या पत्र्याला गंज लागला तर तो कापून नवा तुकडा जोडावा लागतो. त्यावर पुट्टी थापून रंग मारला तर वर्षभर छान दिसतं, आणि खाली सांगाडाच कुजत राहतो. चुंबक फिरवून पाहा. जिथे तो चिकटत नाही तिथे खाली जाड पुट्टी आहे.

चौकट: गाडी टाकताना

काम हाफ की फुल ते कागदावर लिहून घ्यावं, आणि फुल असेल तर दोन्ही सील, दोन्ही बाजूंची बेअरिंग आणि केसिंगचं पॅकिंग नव्याने येणार का ते नावानिशी. काढलेले सगळे जुने भाग परत मागावेत, सीलसुद्धा. रीबोअरनंतर पिस्टन आणि सिलिंडरची फट आणि रिंगच्या दोन टोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावं. इंजिन जुळवून बंद करण्याआधी एकदा तरी डोळ्यांनी पाहावं, निदान फोटो मागावा. क्रँकच्या पेटीत सायकलच्या पंपाने थोडी हवा भरून दाब टिकतो का, ही परीक्षा छोट्या गॅरेजातही करता येते. रंगाचे पैसे इंजिन चालवून पाहिल्यावरच द्यावेत. नव्या पिस्टनला पहिले काहीशे किलोमीटर हळू, थांबत-थांबत चालवावं, दुपारच्या उन्हात लांब पल्ला टाळावा.

पैसे अडले, गाडी अडली तर

गॅरेजवाला गाडी अडवून धरू शकतो का? केलेल्या कामाच्या मजुरीपुरती, हो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे ज्याने वस्तूवर ठरल्याप्रमाणे श्रम किंवा कौशल्य खर्च केलं त्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःकडे ठेवता येते. न केलेल्या कामाचे पैसे त्यात बसत नाहीत. आणि वस्तू ताब्यात असेपर्यंत शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी घेणं, हे कलम १५१ ने त्याच्यावर बंधनकारक आहे.

पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवा आहे, म्हणून तिच्यातली उणीव २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते, तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

गाडी 'व्हिंटेज' आहे म्हणून काही वेगळं संरक्षण मिळेल, अशी समजूत मात्र ठेवू नये. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी लागते, तिच्या मूळ रूपात मोठे फेरफार चालत नाहीत, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १९७२ च्या पहिल्या चेतकही २०२२ मध्येच पन्नाशीला पोहोचल्या. घरोघरच्या बाकी चेतक साध्या दुचाकी आहेत: पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी आरटीओसमोर चालत्या स्थितीत न्यावी लागते. गॅरेजात अडकलेल्या गाडीची ही तारीख उलटू नये, म्हणून आरसी बुकावरची मुदत गाडी टाकायच्या आधी पाहून ठेवावी.

तक्रारीत टिकतो तो पुरावा इंजिनातूनच काढावा लागतो. सीझ झालेलं इंजिन पहिल्या गॅरेजात परत उघडायला देऊ नये. दुसऱ्या मिस्त्रीकडे, शक्य तर पहिल्या गॅरेजवाल्याला लेखी कळवून त्याच्या समोर, खोलावं. प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्यावा, पिस्टन, रिंगा आणि सील वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावेत. बोअरिंगवाल्याकडून सिलिंडर आणि पिस्टनची मापं त्याच्या बिलबुकावर, तारीख आणि सहीसह लिहून घ्यावीत. आमच्याकडे अशी चिठ्ठी होती, आणि जुनं सील बिलावरच्या 'नवीन सील' या ओळीशेजारी ठेवता येत होतं. ती दोन्ही पाहिल्यावर पहिल्या गॅरेजने मजुरीतली बरीच रक्कम परत केली, आयोगापर्यंत जावं लागलं नाही.